चौकट एकशे बत्तीस

१

युद्धात तू काय केलंस, असं कुणी विचारलं की मी सांगतो, कबुतरांची घाण काढली. खोटं नाही ते. युद्धाच्या पहिल्याच वर्षी जर्मन नौदलानं आमच्या बेटावर विमानांचा तळ उघडला. मी तेव्हा पंचावन्न वर्षांचा, एका गुडघ्यानं अधू, जन्मभर कोळंबी धरलेला माणूस. या म्हाताऱ्याला कुठे ठेवायचं म्हणून त्यांनी मला तळामागच्या कबुतरांच्या ढाबळीवर ठेवलं. चाळीस कबुतरं, एक शिडी, एक फावडं आणि मी.

आमची विमानं पाण्यावरची. चाकांच्या जागी दोन लांब लाकडी होडकी, वर दोन मजली कापडी पंख, पंखाखाली दोन लहान बॉम्ब. पुढे निरीक्षक बसायचा, मागे वैमानिक. रोज सकाळी उतारावरून ती पाण्यात ढकलायची, त्यांनी समुद्रावर लांब जायचं, इंग्रजांची जहाजं कुठे दिसतात का ते बघायचं आणि परत यायचं. त्यांत बिनतारी यंत्र नव्हतं. भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर खाली उतरायचं, लाटांवर डुलत बसायचं आणि कबूतर सोडायचं. म्हणून प्रत्येक विमानात माझी एक टोपली असे. तीन खण, तीन पक्षी.

चिठ्ठी मात्र पाण्यावर बसून कुणी लिहीत नसे. तिथे बोटं गारठतात, कागद भिजतो, पेन्सिल समुद्रात पडते. त्यामुळे आमच्या तळावरची पोरं चिठ्ठ्या आदल्या संध्याकाळीच शेगडीजवळ बसून, चांगल्या अक्षरात लिहून ठेवत. 'पाण्यावर उतरलो. इंजिन बंद. दोघे जिवंत. चौकट अमुक.' नकाशावर अख्ख्या समुद्राच्या चौकटी पाडलेल्या होत्या. त्यातला आकडा तेवढा वेळ आल्यावर भरायचा.

माझा भाचा हाइको वैमानिक होता. तो तेवढंही काम शिल्लक ठेवत नसे. ज्या चौकटीत जायचा हुकूम असेल तो आकडा आधीच टाकून मोकळा व्हायचा, आणि खाली स्वतःची एक ओळ लिहायचा, 'मामा, चहा टाक, आलोच.'

"अरे, आकडा आधी टाकू नये," मी म्हणायचो. "अपशकुन असतो."

"तुझ्या कबुतरांनी डोक्यावर घाण केली की शकुन, आणि मी दोन आकडे लिहिले की अपशकुन? वा रे मामा!"

त्याच्यामुळे सगळा तळच मला मामा म्हणायचा. चिडले की कमांडरसाहेबसुद्धा म्हणायचे. हाइको माझ्या मोठ्या बहिणीचा, गेशेताईचा, एकुलता एक. त्याचा बाप बेरेंट मासेमारीला गेला तो आलाच नाही, तेव्हा पोर सहा वर्षांचं होतं. गाठी मारायला मी शिकवलं, पोहायला मी शिकवलं. माझं स्वतःचं असं दुसरं कुणी नाही.

मार्चमधला तो बुधवार होता. तीनशे एकोणीस नंबरचं विमान आठला गेलं. मागे हाइको, पुढे लेफ्टनंट रोडेवाल्ड, चौकट एकशे बत्तीस. समुद्रावर धुकं होतं, पण असं धुकं आम्ही रोज बघतो. पावणेअकराला विमान त्या धुक्यातून ठरल्या वेळी बाहेर आलं आणि उताराशी लागलं. मी टोपली उतरवून घेतली. तीन गेले होते, तीनच आले. ढाबळीत सोडले.

कबुतरांत अंडी उबवायच्या पाळ्या ठरलेल्या असतात. दुपारी नर बसतो, बाकी वेळ मादी. अठ्ठ्याऐंशी नंबरचा नर त्या टोपलीतून आला होता. अकरा वाजता तो आपल्या पाळीला घरट्याशी गेला, आणि त्याच्या मादीनं त्याच्या डोक्यावर असे टोचे मारले की रक्त निघालं. चार वर्षांचं जोडपं होतं ते. मी पाखराला पुसलं, अंगाला पेट्रोलचा वास येत असेल म्हणून चिडली असेल, असं म्हटलं आणि फावडं उचललं.

२

गुरुवारी दुपारी घंटी वाजली.

ढाबळीच्या दाराशी एक फळी आहे. तिच्यावर पक्षी उतरून आत घुसला की घंटी वाजते. त्या दिवशी मी एकही पक्षी बाहेर सोडला नव्हता. वर चढून पाहिलं तर एक नर पंख पसरून बसलेला, ओलाचिंब, चोच उघडी. पायातली कडी अठ्ठ्याऐंशी. शेजारच्या खणात, डोक्यावर खपली धरलेला आणखी एक नर बसला होता. त्याचीही कडी अठ्ठ्याऐंशी.

ही कडी पिल्लू आठवड्याचं असताना चढवतात. पुढे पाय जाड होतो, मग ती घालताही येत नाही, काढताही येत नाही. तरी मी म्हटलं, कारखान्यात एकाच नंबराच्या दोन कड्या ठोकल्या गेल्या असतील. दुसऱ्या कुठल्या तळाचा पक्षी वाट चुकला असेल. माणूस कारणं शोधायला लागला की ती हवी तितकी सापडतात.

एवढ्यात तो ओला नर फरफटत घरट्याकडे गेला. मादी उठली, बाजूला झाली, आणि त्यानं अंड्यांवर बसून डोळे मिटले.

मी त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठीची नळी काढली. आत चिठ्ठी होती. 'पाण्यावर उतरलो. इंजिन बंद. दोघे जिवंत. चौकट १३२.' खाली, 'मामा, चहा टाक, आलोच.' अक्षर सुबक, शेगडीजवळ बसून लिहिलेलं. हाइको तर अर्ध्या तासापूर्वी ढाबळीखालून शीळ घालत गेला होता.

त्या चिठ्ठीतला एकही शब्द समुद्रावर लिहिलेला नव्हता. आकडासुद्धा आदल्या संध्याकाळचा. असा कागद काही सिद्ध करत नाही, असं मी स्वतःला समजावलं, आणि त्या समजुतीवर मी एक अख्खा दिवस घालवला.

३

चिठ्ठी घेऊन मी विमानांच्या शेडमध्ये गेलो. ल्युबो मिस्त्री तीनशे एकोणीसच्या इंजिनात डोकं घालून बसला होता.

"या मामा. आज पिसं विकायला निघालात वाटतं?"

"हाइको कुठाय?"

"तो काय पलीकडे, साहेबांबरोबर." मग ल्युबोनं हात पुसले आणि आवाज खाली आणला. "मामा, एक विचारू? हसायचं नाही. काल हे विमान आलं ना, मी लगेच इंजिनाला हात लावला. थंड. तीन तास चाललेलं इंजिन, आणि हात लावला तर हिवाळ्यात दाराची कडी लागते तसं."

"समुद्रावरचा वारा असतो गार."

"वीस वर्षं इंजिनं हाताळतोय मी," ल्युबो म्हणाला, पण लगेच मान हलवली. "असेल. वाराच असेल."

हाइको एका खोक्यावर बसला होता. शेजारी लेफ्टनंट रोडेवाल्ड टोपी हातात घेऊन गोल गोल फिरवत होते. हे साहेब एरवी फार बोलके, बर्लिनच्या नाटकांच्या गोष्टी सांगून पोरांना वात आणायचे. आज गप्प होते.

मी चिठ्ठी पुढे केली. हाइकोनं ती वाचली. बराच वेळ वाचली, ओळीवरून बोट फिरवत, म्हणजे दुसऱ्या कुणाचं पत्र वाचावं तशी. मग तो हसला.

"मामा, तू म्हातारा झालास. काल टोपलीत तीनाऐवजी चार भरलेस, त्यातला एक निसटला."

"खण तीनच आहेत रे."

"मग दोघं एका खणात असतील. जोडपं असेल!"

हे त्याच्यासारखंच बोलणं होतं. मला बरं वाटलं. तरी मी विचारलं, "धुक्यात कुठे उतरला होतात का?"

त्यानं साहेबांकडे पाहिलं.

"एकशे बत्तीसमध्ये धुकं होतं," लेफ्टनंट म्हणाले. "आत गेलो. बाहेर आलो."

"आत गेलो, बाहेर आलो," हाइको म्हणाला. आवाजाची चढउतारही तीच. मग त्यानं चिठ्ठीची घडी घातली आणि माझ्याकडे परत न देता स्वतःच्या खिशात ठेवली.

४

त्या संध्याकाळी ताईकडे चहा होता.

आमच्या भागात चहा ही चेष्टेची गोष्ट नाही. कपात आधी खडीसाखरेचा खडा. त्यावर गरम चहा ओतला की खडा तडकतो, तो आवाज ऐकायचा. मग काठानं चमच्यातून साय सोडायची आणि तिचा ढग वर येऊ द्यायचा. आणि ढवळायचं नाही. आधी साय, मग कडू, शेवटी तळाचं गोड, असंच प्यायचं. तीन कप घ्यायचेच, आणि पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा. चमचा कपात दिसला की घरची बाई आणखी विचारत नाही. हे आम्हाला कुणी शिकवत नाही. चालायला लागण्याआधी येतं.

ताईनं ओतलं. खडा तडकला. साय सोडली. हाइकोनं चमचा उचलला, कपात घातला आणि ढवळला.

टण टण टण असा आवाज झाला. पांढरा ढग विरला आणि चहा चिखलाच्या रंगाचा झाला. ताईचा हात किटलीवर तसाच राहिला. मला वाटलं, ती ओरडणार. एवढासा असताना त्यानं एकदा ढवळला होता तर बेरेंटनं त्याला कप घेऊन अंगणात बसवलं होतं. ताईनं किटली खाली ठेवली. हाइकोनं तो एकच कप संपवला आणि उठला.

"थकलोय, आई," तो म्हणाला, आणि जिन्यावरून वर गेला.

आम्ही दोघं बसून राहिलो. वर त्याच्या खोलीत पावलं वाजली नाहीत, पलंगही करकरला नाही.

"एनो," ताई म्हणाली, "तो बरा आहे ना?"

"थकलाय ग. रोजचं उडणं, डोकं ठिकाणावर राहत नाही पोरांचं."

"डोळ्यांत बघून सांग."

मी डोळ्यांत बघून सांगितलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात वाईट खोटं, आणि तेव्हा ते खोटं आहे हेही मला धड ठाऊक नव्हतं.

५

शुक्रवारी सकाळी नवाला पुन्हा घंटी वाजली. या वेळी एकसष्ट नंबर. बुधवारच्या टोपलीतला एकसष्ट माझ्यासमोर दाणे टिपत होता.

या चिठ्ठीच्या पाठीवर नवं लिहिलेलं होतं. पेन्सिलीच्या ओळी वर-खाली गेलेल्या, कागद मिठानं कडक झालेला.

'तिसरा दिवस. डावं होडकं पाणी घेतंय. तोलासाठी एक जण उजव्या पंखावर बसतो, मग दुसरा. इंजिनाच्या टाकीतलं पाणी पितोय. नांगर टाकलाय, चौकट तीच. पहिला पक्षी पोचला ना मामा? मग बोट का नाही?'

मी शिडीच्या पायरीवर बसलो. मग मला आठवलं की बुधवारी परत आलेल्या तीन नळ्या मी उघडल्याच नव्हत्या. फडताळातून त्या काढल्या. तिन्हींत कागद होते, नीट गुंडाळलेले, बरोबर मापाचे. तिन्ही कोरे.

मी लंगडत कमांडरसाहेबांकडे गेलो. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, खिडकीकडे बोट केलं. बाहेर उतारावर तीनशे एकोणीस उभं होतं, आणि हाइको पंखावर बसून कापड पुसत होता.

"अहो मामा, बोट पाठवतो मी. पण कुणाला शोधायला? त्याला?"

"साहेब, अक्षर त्याचं आहे."

"अक्षर त्याचं, पोरगं समोर बसलंय. तिकडे सुरुंग आहेत, इंग्रजांच्या पाणबुड्या आहेत. वीस माणसं घालवू मी एका कागदासाठी?"

ते म्हणाले ते खोटं नव्हतं, हाच तर त्रास होता. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं.

"आणि हे अनोळखी पक्षी," साहेब म्हणाले, "शत्रूचे असू शकतात. हुकूम माहीत आहे ना? माना मोडा. आजच."

ढाबळीत येऊन मी दोन्ही अठ्ठ्याऐंशी दोन हातांत धरले. तेच पांढरं पीस, तीच नखं. ओल्याचं काळीज माझ्या तळहातात धडधडत होतं. दुसऱ्याचं लागतंय का, म्हणून मी बोट दाबून दाबून पाहिलं. थंडीनं माझी बोटंच बधिर झाली असतील. मी कुणाचीही मान मोडली नाही. जे समुद्रावरून आले त्यांना मागच्या खोलीत माशांच्या टोपलीखाली झाकलं आणि साहेबांना सांगितलं, झालं काम.

६

शनिवारी सकाळी मी ठरवलं की याचा एकदा निकाल लावायचा. मला विमानातलं काही कळत नाही, कबुतरातलं कळतं. कबूतर कुठेही सोडा, ते वर दोन घिरट्या घालतं, दिशा धरतं आणि आपल्या घरी जातं. त्याला दुसरं काही येतच नाही.

बुधवारी विमानातून आलेले तिन्ही पक्षी पिशवीत घालून मी बेटाच्या दुसऱ्या टोकाला, वाळूच्या टेकडीवर गेलो. तिथून ढाबळीचं लाल छप्पर दिसतं. एकेक करून सोडले.

त्यांनी घिरटी घातली नाही. छपराकडे पाहिलंसुद्धा नाही. तिन्ही पक्षी सरळ रेषेत, पाण्याला जवळजवळ चिकटून, वायव्येला भर समुद्राकडे गेले. तिकडे जमीन नाही, बेट नाही, खडक नाही. तिकडे एकशे बत्तीस आहे. ते धुक्यात शिरेपर्यंत मी बघत होतो.

मग मात्र मी कुठलंही कारण शोधलं नाही. माझी कोळंबीची जुनी होडी धक्क्याला होती. तिचं शीड नीट करून मी पाण्याचं पिंप, काळा पाव, चार घोंगड्या आणि होकायंत्र आत टाकलं. वारा धरला तर दुसऱ्या सकाळपर्यंत पोचता आलं असतं. सुरुंगांची भीती वाटत होती, पण पोरगं तीन दिवस पंखावर बसून मला विचारत होतं, बोट का नाही.

दोर सोडायला वाकलो तर दोराचं दुसरं टोक कुणीतरी धरलेलं होतं.

"कुठे निघालास मामा?" हाइको धक्क्यावरच्या खुंटावर बसला होता. "धुकं येतंय बघ."

"कोळंबी बघायला."

"चार घोंगड्या घेऊन?"

मी घोंगड्या शिडाखाली सरकवल्या. तो आला कधी ते मला कळलं नव्हतं. लाकडी धक्का आहे, मांजर चाललं तरी वाजतो.

"समज, तू गेलास," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती. "समज, तुला तिकडे कुणी सापडलं. मग काय करशील? घरी आणशील? आईनं दोन ताटं वाढायची? तिला एक मुलगा आहे मामा. एकच."

"दोर सोड, हाइको."

"तूच बांध. मला दाखव कसा बांधतात ते."

त्याला ती गाठ मी सहाव्या वर्षी शिकवली होती. डोळे मिटून मारायचा तो ती. मी दोर खुंटाला गुंडाळला, आणि तो दुसऱ्या टोकाशी तेच करत गेला. माझी बोटं जिकडे वळली तिकडे त्याची वळली, माझ्या हातांवरची नजर न काढता. माझं एक बोट दोरात अडकलं. त्यानंही आपलं अडकवलं.

मी होडी बांधून घरी गेलो. धुकं होतं हे खरं, पण मी धुक्याला भ्यालो नव्हतो.

७

रविवारी तीनशे एकोणीस पुन्हा उडालं. चौकट एकशे बत्तीस, ती हाइकोनं स्वतः मागून घेतली होती. मी टोपली दिली नाही, त्यांनी मागितलीही नाही. ते गेल्यापासून मी धक्क्यावर उभा होतो. मनात आशा होती, का लपवू? कोणी का असेना, तिकडे जातंय, दोघांना बघेल, येऊन सांगेल.

साडेअकराला विमान परत आलं. ल्युबोनं उताराशीच इंजिनाला हात लावला आणि हात झटकत ओरडला, "भाजलं की! मामा, बघा, आज कसं गरम आहे!" लहान पोरासारखा खूश झाला होता. मग खाली वाकून म्हणाला, "अरे, पंखाखालचे दोन्ही बॉम्ब कुठे गेले?"

"पाणबुडी दिसली," हाइको गॉगल काढत म्हणाला.

"लागला का?"

"लागला," लेफ्टनंट रोडेवाल्ड म्हणाले, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले. जेवताना त्यांनी बर्लिनच्या नाटकाची गोष्टही सांगितली.

साडेबाराला घंटी वाजली. एकशे चार नंबर, बुधवारच्या टोपलीतला तिसरा पक्षी. एक पंख भाजलेला. तो माझ्या हातातच मेला. चिठ्ठी घाईत कोंबलेली होती, अर्धी नळीबाहेर.

'पाचवा दिवस. शेवटचा पक्षी. मामा, विमान आलं! आपलंच आहे. घिरट्या घालतंय. आम्ही शर्ट हलवतोय. खाली येतंय, अगदी जवळ. शेपटीवर आकडा आहे. साहेब म्हणतात वाचू नकोस. मी वाचला. मागचा वाकून बघतोय. हात करतोय, मी करतो तसाच. मामा, आईला'

पुढे पेन्सिलीची एक रेघ कागदाच्या काठापर्यंत गेली होती.

८

चिठ्ठी कोटाच्या आतल्या खिशात घालून मी संध्याकाळी ताईकडे गेलो. सांगायचंच असं ठरवलं होतं. त्यानं 'आईला' लिहिलं होतं, म्हणजे ते तिचं होतं. ते तिला देणं माझ्याकडे लागत होतं.

हाइको आधीच बसला होता. ताईनं कपात खडा टाकला, चहा ओतला, खडा तडकला. त्यानं काठानं साय सोडली. ढग वर आला. तो थांबला, बघत राहिला, मग कप उचलून न ढवळता प्यायला. दुसरा कप घेतला. तिसरा घेतला. मग चमचा कपात ठेवला, ताईच्या गालाला गाल लावला आणि "येतो जरा फिरून" म्हणत बाहेर पडला. दारातून जाताना शीळ घालत होता, तीच जुनी.

ताई त्याचा कप विसळत होती.

"ताई," मी म्हणालो आणि कोटात हात घातला.

"ते खिशात आहे ते काढू नकोस, एनो."

माझा हात तिथेच राहिला.

"ढवळायचं नाही, हे मी सांगितलं त्याला," ती म्हणाली. माझ्याकडे पाठ होती. "गुरुवारी रात्रीच वर जाऊन सांगितलं. तीन कप, आणि मग चमचा. एकदाच सांगावं लागलं. लगेच शिकतो."

"ताई, तुला कळलं होतं?"

तिनं कप पुसला, उजेडात धरून पाहिला, पुन्हा पुसला.

"बेरेंटच्या वेळी समुद्रानं काही दिलं नाही परत. बूटसुद्धा नाही. रिकामी पेटी पुरली आपण, तूच धरली होतीस एका बाजूनं. या वेळी त्यानं काहीतरी पाठवलंय. ते गरम जेवण जेवतं, मला आई म्हणतं." तिचा आवाज फाटला, आणि तिनं तो सावरला. "मी ते परत पाठवायची नाही. तू पाठवशील?"

माझ्या बोटांना खिशातला कागद लागत होता, मिठानं कडक झालेला. बाहेर अंगणात शीळ थांबली. काचेपलीकडे तो आमच्याकडे पाठ करून उभा होता. होडीच्या जुन्या दोराचा तुकडा हातात घेऊन, तो अंधार पडायच्या आत ती गाठ पुन्हा पुन्हा मारून बघत होता.

ताई वळली. डोळे कोरडे होते. तिनं किटली उचलून माझ्या कपावर धरली.

"आणखी हवंय काही, एनो?"

मी खिशातून रिकामा हात काढला आणि चमचा कपात ठेवला.